देवकी टीचरची पाचवी

देवकी टीचरच्या नाकावर राग असतो, हे डिचोलीच्या बाजारात कुणालाही विचारा. मासळीवाल्या तिला लांबून येताना पाहिलं की शिळे बांगडे मागं सरकवतात. बसचा कंडक्टर तिला थांब्याच्या दहा पावलं पुढं नेऊन उतरवायची हिंमत करत नाही. पण हा सगळा किरकोळ राग. तिचा खरा राग पाचवीच्या वर्गात आहे, तीस वर्षं मुरलेला, आणि तो एकदा समजून घेतला की बाईला भांडकुदळ म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही.

आपल्याकडे पोर चौथीपर्यंत मराठीत शिकतं. मग सुट्टी लागते, पोर आंबे-फणस खाऊन, पायाला काट्याकुट्यांचे ओरखडे घेऊन परत येतं, तर शाळेतली भाषाच बदललेली. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, दारासमोरून वाहणाऱ्या नदीची माहितीसुद्धा इंग्रजीत. चौथीत हात वर करकरून बाईंचा जीव खाणारं पोर पाचवीत भिंतीकडे बघत बसतं. एका सुट्टीत पोराची अक्कल जाते कुठं? कुठंही जात नाही. ती डोक्यात असते तशीच असते, फक्त तिला बाहेर यायला वाट राहत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती भल्याभल्यांच्या गळी उतरत नाही, आणि मग देवकीच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तिला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती मूळची नार्व्याची. बाप नदीकाठच्या खाजनात, खाऱ्या पाण्याच्या शेतात, राबायचा, आई गावात कुणाच्या घरी लग्नकार्य निघालं की वडे-घावन करायला जायची. चौथीत देवकीचा पहिला नंबर. पाचवीला डिचोलीच्या इंग्रजी शाळेत घातली आणि पहिल्याच दिवशी हजेरी घेताना तिला कळलं की नाव पुकारलं की ‘प्रेझेंट, टीचर’ म्हणायचं. तेवढं एक इंग्रजी तिच्या हाती लागलं. मग सरांनी विचारलं, तुझे वडील काय करतात? ‘प्रेझेंट, टीचर.’ दोन आणि तीन किती? ‘प्रेझेंट, टीचर.’ वर्ग हसून हसून लोळला. सरही हसले, आणि त्यांनी तिला मागच्या बाकावर बसवलं. वर्षभर ती तिथंच होती. सरांचा हात मारायला कधी उठला नाही, तोंडातून वाईट शब्द गेला नाही. त्यांनी तिला फक्त विचारायचं सोडून दिलं. एवढ्या वर्षांनीही ते मागचं बाक आठवलं की देवकी हातातलं काम खाली ठेवते.

म्हणून शिक्षिका झाल्यावर तिनं पाचवी मागून घेतली. दरवर्षी वेळापत्रक लागायच्या आधी बाकीचे शिक्षक पाचवी चुकवायला हेडमास्तरांच्या मागंपुढं करायचे, ही मात्र तीच मागायची. शाळा शिरगावच्या वाटेवर. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक दिवसभर समोरून धडधडत जायचे, फळ्यावरचं अक्षर लाल धुळीनं झाकलं जायचं आणि टीचरचा आवाज खिडकीबाहेर विरून जायचा. आता ट्रक थोडे, धूळ थोडी, पोरंही थोडी. त्यांतली निम्मी सिंधुदुर्गातून खाणीच्या कामाला आलेल्यांची, इथंच रुजलेली.

तिची शिकवायची रीत पुस्तकात सापडणार नाही. पहिल्या दिवशी ती पोरांना सांगते की चवथ, म्हणजे गणपती, होईपर्यंत कुणीही इंग्रजी बोललं नाही तरी चालेल. ऐका, बोटानं दाखवा, उठून करा. पोरांना वाटतं टीचर थट्टा करते. मग ती दाराशी जाऊन उभी राहते आणि म्हणते, “ओपन द जनेल.” सगळा वर्ग खिडकीकडे धावतो, कारण जनेल म्हणजे काय हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. “पुट द कुलेर ऑन द मेज.” घरून आणलेला चमचा टेबलावर. “ब्रिंग द कदेल.” खुर्ची हजर. आठवड्यानं जनेलाच्या जागी विंडो येते, मग कुलेरीच्या जागी स्पून. पोराला कळतही नाही की वाक्य कधी पुरतं इंग्रजी झालं. देवकी त्यांना सांगते की हे जनेल, कदेल, मेज सगळं फिरंग्यांनी इथं सोडलेलं, आणि ते आपल्या आज्यांनी चुलीपुढं बसून उचललं. त्यांना कुणी परीक्षा घातली नव्हती, तरी त्या नापास झाल्या नाहीत.

दुसरी रीत चुकांची. पोर चुकलं की ती हसत नाही, लाल पेन काढत नाही. ही चूक आली कुठून, ते आधी शोधते. तिच्या मते चुकीला घर असतं, आणि घर सापडलं की अर्धा धडा झाला. चवथीनंतर पोरं आपणहून तोंड उघडतात. वाकडं, तुटकं, पण उघडतात. तीस वर्षांत हे तिनं तीस वेळा पाहिलंय.

यंदा मात्र हेडमास्तर बदलले. सगुण सर माणूस वाईट नाही, पण कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि शाळेच्या फाटकापासून मुतारीपर्यंत ‘फक्त इंग्रजी’च्या पाट्या लावून मोकळे झाले. पाट्यांपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी पिवळी कार्डं काढली. जो मराठी किंवा कोकणी बोलताना सापडेल त्याच्या खिशाला कार्ड. त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं की कार्ड त्याच्याकडे. शाळा सुटताना ज्याच्याकडे उरेल तो दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर तोंड करून उभा.

पंधरा दिवसांत पाचवी वर्ग राहिला नाही, टेहळणीचं नाकं झालं. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे डोळे लावून बसली. डबा खाताना कुणी ‘माका लोणचां दी’ म्हटलं की चौघे धावून जायचे. देवकी हेडमास्तरांच्या खोलीत गेली आणि दार उघडं ठेवून बोलली, म्हणजे आख्ख्या व्हरांड्यानं ऐकलं. तिचं म्हणणं एवढंच की या कार्डानं पोरं इंग्रजी शिकणार नाहीत, गप्प बसायला तेवढी शिकतील. सगुण सरांनी शांतपणे सांगितलं की नियम सगळ्या शाळेला आहे, पाचवीला सूट नाही. इतर शिक्षक मूग गिळून बसले. निम्म्यांना देवकीचं पटत होतं, पण बोलणार कोण?

आता अंकिताकडे येऊ, कारण हे सगळं तिच्यावरून पेटलं. अंकिता बाबलीची मुलगी. बाबली मूळचा दोडामार्गाकडचा, ऐन उमेदीत शिरगावच्या खाणीवर ट्रकावर होता. खाण बंद पडली, ट्रक गेला, तेव्हापासून मिळेल ती गाडी चालवतो. अंकिता शाळेत आली आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या खिशाला कार्ड लागलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ती सगळ्या शाळेसमोर उभी राहिली. त्यानंतर तिला पुन्हा कार्ड मिळालं नाही, कारण ती पुन्हा बोललीच नाही. वर्गात नाही, मैदानात नाही, डबा खातानाही नाही. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरली. सगळ्या पाचवीत कार्डातून सुटायचा उपाय सापडला तो तिला एकटीला, आणि तीच पुढं मंद ठरली.

देवकीच्या वर्गात ती सांगितलेलं सगळं करायची. विंडो म्हटलं की विंडो, स्पून म्हटलं की स्पून. पण चवथ झाली, सुट्टी संपली, बाकीची पोरं तुटकं बोलू लागली, आणि ही तशीच. देवकीच्याही मनात शंकेनं चरचरलं. एका संध्याकाळी ती अंकिताच्या घरी गेली. वळणावर असतानाच तिला आवाज ऐकू आला. पाव विकणारा पोदेर सायकल लावून दारात उभा, आणि अंकिता कमरेवर हात ठेवून त्याला खडसावत होती, की कालचे उंडे रबरासारखे होते, आज वरचे नको, टोपलीच्या तळातले गरम दे, आणि एक जळका दिलास तर उद्या तुझा भोंपू काढून घेईन. पोदेर निमूटपणे टोपलीच्या तळाशी हात घालत होता. देवकी झाडामागं थांबून सगळं ऐकत राहिली. अशी जीभ असलेली पोर शाळेच्या फाटकात शिरताना मुकी होते, या विचारानं तिला घरात जाऊन चहा घ्यायचंही सुचलं नाही. ती तशीच परतली.

चार दिवसांनी सगुण सरांच्या टेबलावर यादी आली. शिकायला मंद असलेल्या मुलांची यादी. त्यांच्या नावांवर दाखला लागला की त्यांचे मार्क शाळेच्या निकालात वेगळे मोजायचे, असा सरांचा हिशेब. तपासायला फोंड्याहून विशाल नावाचा तरुण गृहस्थ आला होता. शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. वाचनालयात बसून तो एकेका पोराला वीस मिनिटं इंग्रजीत प्रश्न विचारी. यादीत बारा नावं, पाचवीचं एकच, अंकिताचं. शनिवारी यादी पुढं जायची होती. एकदा गेली की दाखला येणार, आणि तो दाखला दहावीपर्यंत पोरीच्या पाठीला चिकटणार. पुढं कुठल्याही वर्गात कुठलाही शिक्षक तिचं नाव पाहून तिला विचारायचंच सोडून देणार.

शुक्रवारी देवकीनं कारकुनाकडून अंकिताचा अहवाल मागून घेतला आणि शिक्षकखोलीत उभ्या उभ्या वाचला. एकोणीस प्रश्नांपुढं ‘उत्तर नाही’. विसाव्यापुढं लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं. मुलीला ‘आता तू जाऊ शकतेस’ असं इंग्रजीत सांगितलं असता तिनं उठून हात जोडले, ‘आय कम, सर’ म्हणाली आणि खोलीबाहेर गेली. म्हणजे ‘कम’ आणि ‘गो’ या मूलभूत विरुद्ध शब्दांतला फरक मुलीस कळत नाही.

देवकी खाली बसली. पाच महिन्यांत पोरीच्या तोंडून निघालेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य. आईनं शिकवलेलं वळण होतं ते, मोठ्या माणसासमोरून उठताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. जातो तो कायमचा. पोरीनं ते वळण कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजीत आणलं, हात जोडून, सर म्हणून. आणि या शहाण्यानं त्याची मंदपणात नोंद केली. देवकीला वाटलं, कागद फाडून त्याच्या इस्त्रीच्या खिशात कोंबावा.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि राग उलटून तिच्याच अंगावर आला. हे वाक्य अंकितानं उचललं कुठून? तास संपल्यावर वर्गातून निघताना रोज कोण म्हणतं, ‘ओके चिल्ड्रन, आय कम हां’? तीस वर्षं इंग्रजी शिकवणारी ही बाईच. तिच्या कानाला ते कधी चूक वाटलंच नव्हतं. पोरांच्या चुकांची घरं शोधत फिरली, स्वतःच्या चुकीचं घर तिला दिसलं नाही.

दुसऱ्या तासाला ती वर्गात गेली आणि फळ्यावर मध्ये रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘येते’, दुसऱ्या बाजूला ‘आय ॲम गोइंग’. पोरांना सरळ सांगितलं की इतकी वर्षं टीचर चुकत होती. इंग्रजांच्या भाषेत जाताना जाते म्हणतात, आणि त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. हर्षानं हात वर करून विचारलं की असं म्हटलेलं घरी आजीनं ऐकलं तर? देवकी म्हणाली की आजीला ‘येते’ म्हण, इंग्रजीत ‘गोइंग’ म्हण, तोंड तुझंच आहे, त्यात दोन्ही मावतात. वर्ग हसला. अंकिता हसली नाही. ती फळ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिचे ओठ हलताना देवकीला दिसले.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. सुटायच्या वेळेस देवकी अंकिताला हाताला धरून हेडमास्तरांच्या खोलीत शिरली. आत सगुण सर, समोर विशाल सर, आणि भिंतीला टेकून बाबली. कसल्याशा कागदासाठी सरांनीच त्याला बोलावलं होतं. देवकीनं अहवाल टेबलावर ठेवला आणि म्हणाली की हा चुकीचा आहे, हिचं नाव यादीतून काढा.

विशाल सर समजुतीच्या सुरात बोलू लागले. ही चाचणी मान्यताप्राप्त आहे, ती सगळ्यांना सारखीच घेतात, शिक्षकांची माया आपण समजू शकतो, पण मायेनं मूल्यमापन होत नाही. देवकीनं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. अंकिताकडे वळून ती एकामागून एक सांगत गेली, सगळं इंग्रजीत. खिडकी उघड. खुर्ची टेबलाजवळ ठेव. सरांचा पेन उचल आणि मला दे. तो परत सरांना दे, पण डाव्या हातानं नको. अंकितानं एकही पाऊल न चुकता सगळं केलं. मग देवकी विशाल सरांना म्हणाली की आता तुम्ही सांगा, तुमच्या मनातलं. त्यांनी जरा विचार करून इंग्रजीत सांगितलं की या खोलीत लाकडाचं काय काय आहे ते दाखव. अंकितानं टेबलाला हात लावला, दाराला लावला, पट्टीला लावला. क्षणभर थांबली, आणि भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीला बोट लावून आली.

विशाल सर म्हणाले की समजतं तिला, पण बोलणं नाही, आणि विसाव्या प्रश्नाचं काय? सगुण सरांनी घड्याळाकडे पाहिलं. यादी आज जायला हवी, आणि पालकांची संमती तर आधीच झालेली आहे, असं म्हणून त्यांनी सहीचा कागद पुढं सरकवला.

बाबली भिंतीपासून पुढं आला. “टीचर, ह्या कागदार काय लिवलां आसा? माका सांगल्यानी बसच्या पासाचो कागद.”

देवकीला उत्तर द्यायला जड गेलं, पण तिनं शब्द झाकले नाहीत. “तुझ्या चेडवाक शिकपाची अक्कल कमी आसा, असां लिवलां आसा. आणि खाली तुझी सही आसा.”

बाबलीनं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, जसा वाचतोय तसा. मग तो हेडमास्तरांसमोर नीट ठेवला. “सर, माका इंग्लिश येणा नाय. माकाय समजूक नाय ह्या काय आसा तां. मगे माझाय नाव घाला ह्या यादीत.”

सगुण सरांची मान खाली गेली. ते काहीतरी पुटपुटले, कारकुनाकडून समजवायचं राहिलं असेल वगैरे. देवकी त्यांच्यावर कडाडणार, इतक्यात विशाल सर उठले. त्यांना या घरगुती प्रकरणात राहायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पिशवी खांद्याला लावून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “बरं, तुम्ही सगळे बोलून ठरवा. येतो मी.”

“बसा सर,” देवकी म्हणाली. “कुठं निघालात?”

“फोंड्याला. बस आहे बाराची.”

“म्हणजे जाताय. मग ‘येतो’ कसं म्हणालात?”

विशाल सर हसले. “अहो, ते आपल्यात तसं म्हणतात...” बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. टेबलावर उघड्या पडलेल्या अहवालातली विसावी ओळ त्यांच्याकडेच तोंड करून होती.

“आपल्यात,” देवकी म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि सगुण सरांना तो चढलेल्या आवाजापेक्षा जास्त टोचला. “ही पण आपल्यातलीच आहे, सर. तुम्ही मराठीत म्हणालात म्हणून साहेब. हिनं तेच इंग्रजीत म्हटलं म्हणून मंद. कुणाला कळत नाही ‘कम’ आणि ‘गो’?”

विशाल सर परत खुर्चीत बसले. त्यांचे कान लाल झाले होते. वाईट माणूस नव्हता तो, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. त्यानं अहवाल ओढून विसाव्या ओळीवर काट मारली. मग यादी घेतली, अंकिताच्या नावावर काट मारली आणि बाजूला सही केली. बाबलीनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. अंकिता मान वर करून बापाकडे पाहत होती. तिला सगळं कळलं होतं. मराठीत झालेलं कळलं होतं, मालवणीत झालेलं कळलं होतं, आणि इंग्रजीत झालेलंही.

सगुण सरांनी सुटकेचा श्वास टाकला. झालं ना मनासारखं, टीचर, असं म्हणत त्यांनी यादी पाकिटात घालायला उचलली. देवकी हो म्हणणारच होती. तिला वाटलंही की आज आपण जिंकलो. पण कागद त्यांच्या हातात वळताना तिला वरची नावं दिसली, आणि तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

सहावीतला अक्षय. गेल्या वर्षी तिच्या वर्गात एका तासाला पाच प्रश्न विचारणारा, ‘टीचर वाय, टीचर वाय’ करून भंडावून सोडणारा. सहावीतली गंगा, जिनं पावसावर चार ओळींचं इंग्रजी स्वतः जुळवून आणलं होतं. सातवीतला साईश. एकेक नाव वाचताना तिला त्यांची जागा आठवत गेली, बाक आठवलं, आवाज आठवला. अकरांतली सात पोरं तिच्या हाताखालून गेलेली. बोलती करून तिनं ती पुढं पाठवली होती आणि पाठ फिरवली होती. जूनपासून तीही कार्डांच्या भीतीनं गप्प झाली असणार, आणि देवकी रोज व्हरांड्यातून त्यांच्या वर्गांवरून गेली होती. तिनं एकदाही आत डोकावलं नव्हतं. अंकितासाठी भांडायला ती होती. या सातांसाठी कोण होतं? इतर शिक्षक मूग गिळून बसले म्हणून तिनं त्यांना नावं ठेवली होती. तिनं तरी दुसरं काय केलं होतं?

“विशाल सर,” ती म्हणाली, “बस दुसरी मिळेल. अजून अकरा आहेत.”

सगुण सर वैतागून म्हणाले की शाळा सुटली, पोरं घरी गेली, आणि पालकांना आता कुठून आणणार? सोमवारी बघू. देवकीला ठाऊक होतं की पाकीट एकदा खोलीबाहेर गेलं की सोमवारी बघण्यासारखं काही उरणार नाही. ती काही बोलायच्या आत बाबली दारापर्यंत पोचला होता.

“अक्षयचो बापूस माझ्या वांगडा ट्रकार होतो,” तो म्हणाला. “बाकीच्यांचीय घरां माका ठावक आसत. गॅस मीच पोचवतंय सगळ्यांक. टेम्पो भायर आसा.”

तो गेला. अंकिता मात्र त्याच्यामागं धावली नाही. ती टीचरजवळ उभी राहिली. देवकीनं खुर्ची ओढली, बसली आणि यादी टेबलाच्या मधोमध पसरून त्यावर दोन्ही हात ठेवले. मग कागद विशाल सरांकडे वळवला.

“पहिलं नाव वाचा, सर.”